शिंका माझ्या, दोष कुणाचा?

प्रश्न: ताई, वसंत आला की सगळे फुलांचे फोटो टाकतात आणि मी नाकाला रुमाल लावून बसते. यंदा छातीतून सूं सूं आवाजपण येतोय. डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली ती पुढच्या महिन्यातली. हे घरी बोलले आणि झालं, बाबा म्हणाले आधीच्या सरकारने वाट लावली, भाऊ म्हणाला आत्ताच्या, आता दोघांचा अबोला आहे. काय करू?

उत्तर: आधी छातीचं बघू, ते दोघं कुठे जात नाहीत. नुसत्या शिंका असतील तर फार्मासिस्टला विचारून नाकात मारायचा स्प्रे घेता येतो, पण स्टेरॉइडवाल्या स्प्रेचा पूर्ण गुण यायला काही दिवस जातात, तो सीझनच्या आधीच सुरू केलेला बरा. पण ते सूं सूं मला आवडलेलं नाही. फोन करून 'अ‍ॅलर्जी आहे' म्हणू नका, 'श्वास घेताना छातीतून आवाज येतो' म्हणा, लवकरची तारीख मागा. बोलताना दम लागला तर तारीखबिरीख विसरा, सरळ इमर्जन्सी गाठा.

घाबरवत नाहीये, पण मेलबर्नचं ऐका. 21 नोव्हेंबर 2016, तिकडे तेव्हा वसंत असतो, संध्याकाळी वादळ आलं आणि गवताचे परागकण ओलाव्याने फुटले. अख्खा कण नाकातच अडकतो, हे बारीक तुकडे थेट फुप्फुसात गेले. हजारो लोक हॉस्पिटलांत, अँब्युलन्स पुरेनात, 10 जण गेले. त्रास झालेल्या कितीतरी जणांना आपल्याला दमा आहे हे माहीतच नव्हतं, दरवर्षी शिंका यायच्या एवढंच.

आता भांडण. शाळा संपल्यापासून स्पेशालिस्ट होईपर्यंत दहाएक वर्षं सहज जातात आणि निवडणुका बहुतेक ठिकाणी चार-पाच वर्षांनी, म्हणजे आज जो डॉक्टर नाहीये तो एक-दोन सरकारं आधीच तयार व्हायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की 2030 पर्यंत जगात साधारण 1 कोटी आरोग्य कर्मचारी कमी पडतील, आणि सगळ्या जगात काही एकाच पक्षाचं राज्य नाहीये! पण म्हणून आत्ताच्यांना सोडायचं असं नाही हां, नर्सला झेपणार नाहीत इतके पेशंट दिले की ती नोकरी सोडते, मग उरलेलीवर अजून लोड, मग तीपण सोडते, आणि हे थांबवायला दहा वर्षं लागत नाहीत. तेव्हा बाबा डॉक्टरांपुरते बरोबर, भाऊ नर्सपुरता. हे दोघांना सांगू मात्र नका, दोघंही अर्धंच ऐकतील. त्यापेक्षा लवकरच्या तारखेसाठी फोन लावायचं काम भावाला द्या.

प्रश्न: वसंतात खिडक्या उघडायच्याच नाहीत का?

उत्तर: उघडा की. सलग पाऊस पडून गेल्यावर हवा बरीच धुतलेली असते, तेव्हा खुशाल. कोरडं, वाऱ्याचं हवामान असेल तर नको, आणि वादळाआधी वारं सुटलं की लगेच बंद.