दक्षिण अमेरिकेचा किनारा महिनाभरात, लाख रुपयांत होईल का?

विमानाचं तिकीट सोडून लाखभर रुपये, एक महिना, स्पॅनिशचा गंध नाही आणि वर शाकाहारी; एवढ्यावर दक्षिण अमेरिकेचा किनारा फिरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल, पण अख्खा नाही. एकच देश धरा. मी पेरू धरला होता. लिमापासून उत्तरेला मांकोरापर्यंत, पाच आठवडे, एकटा. त्यामुळे खाली जे आहे ते तेवढ्याच पट्ट्याचं.

आधी कागदपत्रं, कारण माझे दोन ओळखीचे इथेच अडकले. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपातल्या शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत असलेला व्हिसा हातात असेल, तर भारतीयांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. नसेल तर आधी काढायचा. ‘मांकोरापासून सीमा जवळ, जाता जाता इक्वेडोर’ हा मोह सोडा, त्यांनी 2019 मध्ये आपल्याला व्हिसा लावलाय. निघण्यापूर्वी दूतावासाकडून ताजे नियम विचारून घ्या. आणि पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी घ्या. पेरूच्या किनाऱ्यासाठी ती लागत नाही, पण परतताना आपल्याच विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

आता पैसे. पेरूचं चलन सोल; मी गेलो तेव्हा एक सोल म्हणजे साधारण 22 ते 25 रुपये होते. लाखाचे चार हजार सोल धरा, म्हणजे दिवसाला 130च्या आसपास. हॉस्टेलमधली खाट मला 35 ते 50 सोलला मिळत होती. पण खरी बचत खाटेत नाही, दुपारच्या जेवणात आहे. गल्लीबोळातल्या खाणावळीबाहेर खडूने ‘मेनू’ लिहिलेली पाटी दिसली की आत शिरायचं. 10 ते 15 सोलमध्ये सूप, मग भाताचं भरगच्च ताट, आणि पेलाभर काहीतरी गोड. बऱ्याचदा जांभळ्या मक्याची चिचा मोराडा. हे दुपारीच. संध्याकाळी त्याच रस्त्यावर तेच पोट भरायला दुप्पट पैसे जातात. मी रात्री पाव, केळी आणि अॅव्होकॅडोवर भागवायचो.

प्रवास रात्रीच्या बसने. लिमा ते उत्तरेकडचं त्रुहियो शहर आठ-नऊ तास, एका रात्रीची खाट वाचते. बस दुमजली; वरच्या मजल्यावर ‘सेमी कामा’ सीट स्वस्त, खाली ‘कामा’ जास्त कलणारी. आपल्यासारखं एक एसटी स्टँड शोधू नका, बहुतेक कंपन्यांचा तळ वेगळा असतो, म्हणून तिकिटावरचा पत्ता नीट वाचा. सुटण्यापूर्वी एक जण कॅमेरा घेऊन प्रत्येकाच्या तोंडासमोरून जातो, दचकू नका, सुरक्षेसाठी असतं. छोटी पिशवी वरच्या फळीवर नको, पायात अडकवून झोपा.

माझा घोटाळा वेगळाच झाला. शंभर डॉलरच्या नोटेला कडेला नखाएवढी चीर होती. चिकलायोत रस्त्यावर डॉलर बदलून देणाऱ्याने ती उजेडात धरली, चिरेवरून अंगठा फिरवला आणि परत दिली. नंतर आणखी तिघांनी तेच केलं. ती नोट मुंबईपर्यंत माझ्यासोबत परत आली. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या करकरीत नोटा न्या.

समुद्राबद्दल मात्र मनाची तयारी हवी. मी रत्नागिरीचा. नकाशात लिमा विषुववृत्तापासून जवळपास मंगळुरूइतकीच लांब दिसली आणि मी आनंदाने पोहायचे कपडे भरले. पाय घातला आणि बाहेर पळालो. दक्षिणेकडून हम्बोल्ट नावाचा थंड प्रवाह या किनाऱ्याला घासत जातो. त्यामुळे पाणी गार, पाऊस जवळपास नाही, किनाऱ्याला लागूनच वाळवंट, आणि मासळी मात्र अमाप. मे ते ऑक्टोबर लिमावर राखाडी धुकं बसलेलं असतं, ऊन विसरा. मांकोराला पोचलात की पाणी कोमट होतं. तिथून जवळ एल न्यूरोच्या धक्क्यापाशी समुद्री कासवं दिसतात. डिसेंबरअखेरीस तिथे दर चढतात, तेवढं टाळा.

वेळ द्यायचाच तर वांचाकोला द्या, त्रुहियोपासून बारा-तेरा किलोमीटर. मी दोन दिवसांसाठी गेलो आणि नऊ राहिलो. तिथले कोळी तोतोरा नावाच्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून होडी करतात, पुढचं टोक वर वळलेलं. होडीत बसत नाहीत, होडीवर बसतात, आणि वल्हं म्हणजे उभा चिरलेला बांबू. सकाळी जाळं घेऊन येताना लाटेवर घसरत किनाऱ्याला लागतात. मग त्या होड्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवतात, पाणी निथळायला. तरी लव्हाळं कुजतंच, दर काही आठवड्यांनी नवीन बांधायची. मोचे लोकांच्या प्राचीन मडक्यांवर याच होड्या आहेत. फायबरच्या होड्या बघत मोठा झालेला मी रोज सकाळी तिथे जाऊन नुसता बसायचो, फुकटात.

वाटेत चान चान आहे, चिमू लोकांची मातीची राजधानी. तिथे मुख्य रस्त्यापासून आत एकटं चालत जाऊ नका, लुटालूट होते, टॅक्सी करा. गावात फिरायला मोटोटॅक्सी, म्हणजे आपली तीनचाकी रिक्षाच, बऱ्याच जणींच्या पाठीवर ‘बजाज’. भाडं बसण्याआधी ठरवा. मीटर नाही.

एल निन्योच्या वर्षी जानेवारी ते मार्च उत्तरेला जाऊ नका. एरवी कोरड्या असलेल्या नद्या फुगतात, पूल वाहून जातात आणि बस आहे तिथेच थांबते.

राहता राहिलं शाकाहाराचं. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणालात तर ताटात चिकन येईल, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ असं तिन्ही पाठ करा; सिन म्हणजे शिवाय, पोयो म्हणजे चिकन, पेस्कादो म्हणजे मासे. सूप मात्र सोडून द्या, पाणी बहुतेक हाडांचंच असतं. चिनी-पेरुव्हियन ‘चिफा’मध्ये भाज्यांचा फ्राइड राइस मिळतो. आणि सोमवारी खाणावळ चुकवू नका. सोमवारी मसूर खाल्ले की आठवडाभर पैसा टिकतो असं तिथे मानतात, त्यामुळे त्या दिवशी ठिकठिकाणी मसूर-भात शिजतो. वर अंडं चालत असेल तर तेही सांगा.