पॉइन्सेटिया (नाताळात मिळतं ते लाल कुंडीतलं झाड) पहिल्यांदाच आणलाय? मग हे वाच

अरे सगळ्यात आधी कुंडीभोवतीचा तो चमचमता कागद काढ, दिसतो छान पण पाणी खाली साचतं आणि मुळं कुजतात, माझं पहिलं झाड असंच गेलं, पानं पिवळी पडली तर मला वाटलं तहान लागलीय म्हणून अजून पाणी घातलं 🤦 बोट मातीत घालून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी.

आणि ते लाल दिसतं ना ती फुलं नाहीतच, पानंच आहेत ती. खरी फुलं म्हणजे मधले बारीक पिवळे दाणे, घेताना ते घट्ट मिटलेले असतील तर झाड जास्त टिकतं. मूळचं मेक्सिकोचं झाड, थंडी बिलकुल सोसत नाही, १० डिग्रीच्या खाली नको.

नाताळ झाला की लोक टाकून देतात, तू टाकू नकोस. उन्हाळ्याच्या तोंडावर छाट, आणि पुढच्या वर्षी परत लाल हवं असेल तर ऑक्टोबरपासून ८-१० आठवडे रोज रात्री १४ तास गच्च अंधार, मी सरळ खोकं पालथं घालते. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा. मध्येच कोणी दिवा लावला तर हिरवंच राहतं, म्हणून लायटिंगच्या माळा त्याच्यावर आत्ता हव्या तर सोड, एलईडीच्या, त्या तापत नाहीत, पण त्या दोन महिन्यांत त्याच्या आसपाससुद्धा नको.