लस घेतल्यापासून खांदा धरलाय, नाशिकमध्ये भरपाई मागता येईल का?

पाच महिन्यांपूर्वी गंगापूर रोडवरच्या खासगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली, त्याच रात्रीपासून हात वर जात नाही, आणि अमेरिकेत अशा दुखण्याला पैसे मिळतात मग इथे काय, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला ग्राहक आयोगातल्या केसेस चालवतो.

अमेरिकेत हे दुखणं २०१७ पासून लसीमुळे होणाऱ्या इजांच्या सरकारी यादीतच आहे. ४८ तासांत त्रास सुरू झाला आणि सहा महिन्यांहून जास्त टिकला, तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाई मिळू शकते. आपल्याकडे फ्लूच्या लसीसाठी तशी सोय नाही. निष्काळजीपणा तुम्हालाच दाखवावा लागेल.

म्हणजे वाद लसीचा नाही, सुई कुठे टोचली याचा आहे. ती खांद्याच्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या स्नायूत जायला हवी. आपण खुर्चीत, टोचणारी व्यक्ती उभी, आणि बाही वर न करता नुसती कॉलर ओढून खांदा उघडा केलेला, अशा वेळी सुई वर लागण्याची शक्यता वाढते. मग औषध सांध्याजवळच्या पिशवीत जाऊ शकतं आणि सूज धरते. तुमचं असंच झालं का? आठवेल तेवढं आजच लिहून काढा, सोबत कोण होतं तेही.

समोरचा वकील आधी विचारणार, शुगर आहे का? कारण मधुमेहात फ्रोजन शोल्डर, म्हणजे खांदा आखडणं, एरवीही होतो. म्हणून पहिल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर ‘लसीनंतर दुखणं’ अशी नोंद असेल तर ती जिवापाड जपा. त्या रात्री दवाखान्याला व्हॉट्सॲप केलं असेल तर फारच छान. एमआरआय आणि हाडांच्या डॉक्टरचं लेखी मत घ्या. दवाखान्याकडे रेकॉर्ड लेखी मागा, ७२ तासांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

तक्रार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली, दोन वर्षांच्या आत. लसीसाठी तुम्ही दवाखान्याला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने जिल्हा आयोगात फी लागत नाही. लसीची पावती मात्र हवीच. सगळ्यांना फुकट सेवा देणाऱ्या सरकारी दवाखान्यात लस घेतली असती, तर हा रस्ताच बंद होता.

आधी नोटीस पाठवा. नोटीस गेली की डॉक्टरांची विमा कंपनी जागी होते, बऱ्याचदा तिथेच बोलणी सुरू होतात. उपचाराची बिलं, बुडालेला पगार आणि त्रासाबद्दल बेताची रक्कम मागा, पंचवीस लाखांचा आकडा टाकून हसं करून घेऊ नका. आणि फिजिओथेरपी मध्येच सोडू नका, नाहीतर ‘यांनीच हयगय केली’ म्हणायला ते मोकळे.