बर्फावरची रेघ

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फिगर स्केटिंग शिकायला लागून तीन महिने झाले तरी डाव्या पायावरचा थ्री-टर्न, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे फिरण्याचं वळण, बसत नाही, शेजारची आठ वर्षांची पोर मात्र तोच गप्पा मारत मारत करते, आणि आता रिंकवर जायचाच कंटाळा येतो, असं लिहिलं आहेस. त्या पोरीचं आधी सोडून दे. ती पडते ती हातभर उंचीवरून. तू पडतेस ती पुरत्या उंचीवरून, शिवाय सोमवारी ऑफिसला जायचं आहे हे डोक्यात ठेवून.

‘जिद्द धर’ असं मी लिहिणार नाही. जिद्द नसती तर टोरांटोच्या जानेवारीत सकाळी सहाला घराबाहेर पडली नसतीस. तुला कारण सापडत नाही, म्हणून कंटाळा येतो. आणि कारण बहुतेक वेळा तुझ्या पायाखाली उमटलेलं असतं.

या खेळाच्या नावातली ‘फिगर’ म्हणजे ब्लेडने बर्फावर काढलेली आकृती. एके काळी स्पर्धक एकाच आठाच्या आकड्यावर पुन्हा पुन्हा फिरायचे आणि पंच वाकून रेघ तपासायचे. १९९० नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून हा भाग गेला. टीव्हीवर तो रटाळ दिसायचा हे कबूल, पण हौशी माणसाच्या हातची एक फुकटची कसोटी त्याबरोबर गेली.

ती तू परत घे. गुळगुळीत करणारं मशीन नुकतंच फिरून गेलेला बर्फ बघ, एखादा मोकळा कोपरा धर आणि एकच वळण घे. मग मागे येऊन वाकून पाहा. ब्लेडला दोन कडा असतात, आतली आणि बाहेरची. डाव्या पायावर, बाहेरच्या कडेवर पुढे जात वळलीस आणि आतल्या कडेवर मागे निघालीस, तर मराठी तीनसारखी रेघ दिसायला हवी, टोक वर्तुळाच्या आत वळलेलं. दोन समांतर रेघा दिसल्या तर तू कडेवर नव्हतीसच, ब्लेडवर सपाट उभी होतीस. मग वळणाचा नाद सोड आणि नुसती बाहेरची कड अर्धं वर्तुळ टिकव. टोकाच्या आधी करकरल्यासारखे ओरखडे असतील तर वजन टो-पिकवर, म्हणजे ब्लेडच्या पुढच्या टोकाच्या दातांवर, गेलं आहे. वजन चवड्यावर हवं, बोटांवर नको. बहुतेकदा मान खाली घातली की हे होतं. टोकाशी बर्फ रुंद खरवडला असेल तर गुडघा ताठ होता. वळणाआधी गुडघा वाकव, वळताना किंचित उठ, वळल्यावर पुन्हा वाकव.

आणि रेघ टोकापर्यंत छान, पण पुढे लगेच दुसरा पाय टेकल्याची खूण? तुझं दुखणं हेच असावं, कारण ‘वळते, पण भोवंडते’ असं तूच लिहिलं आहेस. वळणाआधी खांदे वर्तुळाच्या आत फिरवायचे, म्हणजे उजवा हात पुढे, डावा मागे. मग कमरेखालचा भाग वळू द्यायचा आणि खांदे तिथेच रोखायचे. वळल्यावर डावा हात आपोआप पुढे आलेला दिसेल. तू खांदे रोखत नाहीस, ते फिरतच राहतात. आधी कठडा धरून, मग दोन पायांवर, मग एका पायावर कर. एका वेळी दहा प्रयत्न पुरे. ओळीने तीन बिघडले तर एक पायरी मागे ये. तीन तास एकदम झगडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा पाऊण तास जा.

पुण्यातल्या क्वाड, म्हणजे चार चाकांच्या, स्केट्सची एक सवय मात्र मोडायला हवी. तिथे पुढच्या रबरी स्टॉपरने थांबत होतीस. इथे टो-पिक टेकवलीस तर ती बर्फात रुतेल आणि तोंडावर पडशील. रेटाही बोटांनी देऊ नकोस, ब्लेडच्या बाजूने दे.

कधी कधी दोष तुझा नसतोच. धार लावून आणल्यावर पहिली पंधरा मिनिटं ब्लेड अडकल्यासारखं वाटतं, तेव्हा वळणं करूच नकोस. आणि धार फिगर स्केट्स ओळखणाऱ्याकडूनच लावून घे. हॉकीवाल्याच्या हातात टो-पिकचा खालचा दात घासला जाऊ शकतो. बुटाची लेस बोटांपाशी सैल, घोट्याच्या वाकाशी घट्ट आणि वरच्या हुकांत पुन्हा जरा सैल बांध, नाहीतर गुडघा वाकणारच नाही. निघताना ब्लेड पुसून कापडी कव्हर घाल. प्लास्टिकचं घालून ठेवलंस तर गंज चढेल.

पडण्याचं आता. तोल गेला असं वाटताच गुडघे वाकवून एका कुशीवर, मांडीवर बस. हात मागे टेकवू नकोस, मुठी मिटलेल्या, हनुवटी छातीशी. डोकं आपटलं तर त्या दिवशी बर्फ संपला, बरं वाटलं तरी. अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिलं आणि एक्सरे स्वच्छ आला, तरी डॉक्टरांकडे पुन्हा जा. तिथल्या छोट्या हाडाची चीर पहिल्या एक्सरेत नेहमी दिसतेच असं नाही.

या एका वळणासाठी एवढा खटाटोप का, असं विचारलं होतंस. थ्री-टर्ननंतरची ती मागची आतली कडच सालकाव उडीची सुरुवात आहे. स्वीडनच्या उलरिक सालकावने ती १९०९ मध्ये पहिल्यांदा मारली, म्हणून त्याचं नाव. पहिली एका पायावरची गिरकीही याच वळणातून सुरू होते. पण रेघ दोन सेकंद स्वच्छ टिकेपर्यंत उडीला हात लावू नकोस.

पुढच्या पत्रासोबत डाव्या पायाच्या वळणाचा फोटो पाठव. तुझा नको, बर्फाचा.