सिंगल माल्ट व्हिस्की १२ वर्षं पिंपात ठेवल्याने नेमकं काय बदलतं?

खूप काही. (सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यात, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की.) तांब्याच्या भट्टीतून निघालेलं मद्य पाण्यासारखं नितळ असतं. रंग आणि चवीचा मोठा भाग ओकच्या पिंपातच येतो. स्कॉटलंडची व्हिस्की, म्हणजे स्कॉच, कायद्याने किमान ३ वर्षं मुरवावीच लागते. बहुतेक पिंपं अमेरिकेत बर्बन या मक्याच्या व्हिस्कीसाठी वापरून झालेली. त्यांतून व्हॅनिलाची गोडी उतरते, शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांतून मनुकांची. दरवर्षी साधारण २ टक्के मद्य लाकडातून उडून जातं.

माझ्या मते खरी दाद द्यावी ती पिंपं बांधणाऱ्यांना. स्कॉटलंडमधल्या क्रेगेलॅकी गावच्या स्पेसाइड कूपरेज या पिंपांच्या कारखान्यात कारागीर ओकच्या फळ्या हातोडीने ठोकून लोखंडी कड्यांत आवळतात. ना खिळा, ना गोंद, तरी थेंब गळत नाही! आणि हो, गडद रंगाला भुलू नका, स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरमेल घालायला परवानगी आहे.