पायाच्या अंगठ्याची दुखापत रेंगाळली असेल, तर व्यायाम कसा चालू ठेवावा?

ठेच लागून दीड महिना झाला, एक्स-रेमध्ये काही दिसले नाही, तरी फिरणे आणि सूर्यनमस्कार सुरू केले की अंगठा पुन्हा सुजतो, असे आपण लिहिले आहे. उंबरठ्याची ठेच लागून माझ्या डाव्या अंगठ्याच्या हाडाला केसाएवढी चीर गेली होती आणि तो पूर्ण बरा व्हायला साडेतीन महिने लागले. त्यातला बराचसा काळ मी स्वतःच वाढवून घेतला. तिसऱ्या आठवड्यात सूज ओसरताच मी सिंहगड चढलो. चढताना काही जाणवले नाही, पण उतरताना प्रत्येक पायरीवर अंगठा बुटाच्या टोकाला आपटत राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल जमिनीला टेकवेना.

तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी समजावले की अशा अंगठ्याला नुसत्या उभे राहण्यापेक्षा मुळाशी वाकण्याचा त्रास अधिक होतो. टाच उचलून पाऊल पुढे टाकताना तो वाकतो, उकिडवे बसताना वाकतो, आणि सूर्यनमस्कारात मागे नेलेल्या पायाची बोटे जमिनीवर रोवली की संपूर्ण भार घेऊन वाकतो. म्हणून मी सूर्यनमस्कार थांबवले, बसून हातांचे आणि खांद्यांचे व्यायाम केले, आणि घरातली सायकल पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्यावर ठेवून चालवली. फिरायला जाताना मात्र, मऊ बूट बरे या माझ्या समजुतीच्या उलट, मधोमध न दुमडणाऱ्या कडक तळव्याच्या बुटांनी आराम पडला. (अंगठ्याची कोल्हापुरी चप्पल या काळात धाकट्या भावाने नेली, ती अजून परत आलेली नाही.)

किती व्यायाम झेपला याचा निवाडा मी त्याच दिवशी करत नसे. सकाळी उठून न्हाणीघरापर्यंतची पहिली पावले आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखली, तर त्या दिवशी फिरणे निम्म्यावर आणत असे.

आपण मात्र एकदा पुन्हा तपासून घ्यावे, कारण बारीक चीर पहिल्या एक्स-रेमध्ये कधीकधी दिसत नाही. सूज लालसर आणि गरम असेल, तर रक्तातले युरिक ॲसिडही तपासावे. गाउटचे (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणाऱ्या संधिवाताचे) दुखणे बहुधा अंगठ्याच्या मुळाशीच सुरू होते आणि खापर ठेचेवर फुटते. मधुमेह असेल किंवा बोट बधिर वाटत असेल, तर तपासणी होईपर्यंत वरचे काहीही करू नये.