पेपरच्या कोपऱ्यातला आकडा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा सराव पेपर गोळा करण्याआधी मी सगळ्यांना कोपऱ्यात पेन्सिलीने आकडा लिहायला लावला, किती मार्क पडतील वाटतं त्याचा. तू ५० लिहून खोडलंस आणि ४५ केलंस. पडले ६८. मागच्या बाकावरच्याने ८० लिहिले होते, त्याला ४१. ते खोडलेले ५० माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, म्हणून लिहितोय.

१९९९ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या क्रुगर आणि डनिंग यांनी विद्यार्थ्यांना तर्काचे, व्याकरणाचे प्रश्न घातले आणि शंभरांत आपण कुठे बसतो ते विचारलं. तळातली मुलं होती खालून १२ व्या जागेच्या आसपास, स्वतःला धरत होती ६२ च्या. चूक कळायलाही तो विषय यावा लागतो ना! वरच्या मुलांनी मात्र स्वतःला जरा खालीच धरलं. आपल्याला सोपं गेलं म्हणजे सगळ्यांनाच गेलं असणार, असं त्यांना वाटलं. तुझं हेच होतंय. त्यात मुली स्वतःची बुद्धी मुलांपेक्षा कमी लेखतात आणि आईवडीलही मुलालाच जास्त हुशार समजतात, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. घरी भावाशी तुलना झाली की हे आठव.

माणसं ओळखण्यात तर आपला अंदाज आणखी कच्चा. भावना ओळखण्याच्या चाचणीतले गुण आणि माणसाने स्वतःला दिलेले गुण यांचा मेळ फारच कमी बसतो. मला वाटायचं, पोरांचं तोंड बघून मला सगळं कळतं. एक मुलगा पहिल्या तासाला रोज पेंगायचा. आळशी म्हणून मी त्याला वर्गासमोर बोललो. त्याच्या केसांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले असायचे. यंत्रमागांच्या सोलापुरात जन्म काढलेला मी, ते रोज बघत होतो. वडील आजारी, म्हणून पोरगा त्यांच्या जागी मागावर रातपाळी करत होता. हे मला त्याच्या मित्राने सांगितलं, तेही वर्ष संपताना. एकदा बाजूला घेऊन विचारलं असतं तर!

मैत्रिणीशी बिनसलं म्हणालीस. ‘तिला माझा राग आलाय’ हे तू ठरवलंयस, तिने सांगितलेलं नाही. आधी तिला विचार.

गड्ड्याच्या जत्रेनंतरच्या पेपरलाही आकडा लिही, पण खोडू नकोस. दोन्ही पेपर घेऊन रविवारी घरी ये.

तुझे सर